दाढीच्या केसाहून पातळ

जुन्या बाजारात पथारीवरचा सगळ्यात चकचकीत रेझर सहसा घेऊ नये. पुण्यातला बुधवार-रविवारचा जुना बाजार असो की मुंबईतल्या चोरबाजाराची मटण स्ट्रीट, अडकित्ते, गंजलेले पाने, बंद पडलेली घड्याळं आणि कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोफ्रेमा यांच्या गर्दीत एखादा जुना जिलेट पडलेला असतो. विक्रेता तो उचलतो, शर्टाला पुसतो आणि म्हणतो, "घासून एकदम नवा केलाय, साहेब." तो खोटं बोलत नाही. रेझर खरोखरच घासलेला असतो, आधी लिंबा-चिंचेनं आणि मग बहुधा बफाच्या चाकावरही. डोक्याच्या कडांवर पांढरी चमक संपून पिवळी सुरू झालेली दिसते. ही पिवळी चमक खालच्या पितळेची. मुलामा गेलेला आहे आणि जगातलं कुठलंही पॉलिश तो परत आणणार नाही. त्याच्याच शेजारी साबणाच्या पापुद्र्यानं बुजलेला, करडा, कुणी हात न लावलेला दुसरा रेझर निम्म्या किमतीत पडून असतो. जाणकार माणूस तो उचलतो.

या जुन्या रेझरांचं अंग बहुतेक पितळेचं. त्यावर निकेलचा थर, काहींवर चांदीचा, काहींवर सोन्याचं पाणी, तर इंग्लंडात बनलेल्या काही उंची नमुन्यांवर ऱ्होडियम. शोभेच्या आणि घरगुती वस्तूंवर निकेलचा थर साधारण ५ ते २० मायक्रॉन असतो. सोन्याचं पाणी बहुतेकदा एका मायक्रॉनलाही पोचत नाही. दाढीचा एक केस शंभर मायक्रॉनच्या आसपास जाड. म्हणजे ज्या केसावर हे हत्यार चालवायचं, त्याच्या पाचव्या ते विसाव्या हिश्शाएवढ्या धातूवर त्याचं सगळं रूप अवलंबून आहे.

आपली गडबड इथेच होते, कारण आपले हात पितळ घासायला तयार झालेले असतात. दिवाळीच्या आधी समई, निरांजन, तांब्याचा हंडा चिंच-मिठानं किंवा पितांबरीनं लख्ख करायचा, हे घराघरात चालतं आणि बरोबरच चालतं. समईचा वरचा काळा थर निघाला की खाली तीच समई असते. दरवर्षी किंचितशी झिजते, पण चार पिढ्यांना पुरते. रेझरचा वरचा थर निघाला की खाली वेगळाच धातू निघतो. तांब्या-पितळेसाठी बनवलेली पावडर निकेलवर चालवली, तर त्यात पावडरीचा दोष काहीच नाही.

हे हत्यार इतकं टिकेल असा बेत मुळात होता का, हीही एक गंमतच. किंग कँप जिलेट (१८५५–१९३२) हा बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या कंपनीचा फिरता विक्रेता. पत्र्याच्या बुचाचा शोध लावणाऱ्या विल्यम पेंटरनं त्याला सल्ला दिला होता, की लोक वापरतील, फेकतील आणि पुन्हा घ्यायला येतील असं काहीतरी शोध. १८९५च्या सुमारास आरशापुढे बोथट वस्तरा हातात असताना त्याला पातळ, फेकून देण्याजोग्या पात्याची कल्पना सुचली. कागदासारखं पातळ पोलाद कडक कसं करायचं, हे मात्र जाणकारांनाही जमत नव्हतं. ते विल्यम निकर्सन या इंजिनिअरनं सोडवलं. १९०१ साली बोस्टनमध्ये कंपनी निघाली. १९०३मध्ये विकले गेले ५१ रेझर आणि १६८ पाती. १५ नोव्हेंबर १९०४ रोजी पेटंट मिळालं आणि त्यानंतर मागं वळून पाहावं लागलं नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यानं सैनिकांना हेच रेझर वाटले, आणि घरी परतलेल्या तरुणांनी वस्तरा पुन्हा हातात धरला नाही. (हाच जिलेट स्पर्धा नष्ट करून सगळा उद्योग एकाच महाकंपनीच्या हाती द्यावा, अशा स्वप्नांची पुस्तकं लिहीत असे. माणूस मोठा मजेदार.) पैसा होता पात्यात, दांडा एकदाच विकायचा होता. म्हणून तो भक्कम बनवला. आज आपल्या किराणा दुकानात मिळणारं दुधारी ब्लेड १९०४च्या रेझरमध्ये बिनतक्रार बसतं. मोडीत काढायला कारणच नसल्यामुळे हे रेझर कपाटांत, ट्रंकांत, देव्हाऱ्याच्या खालच्या खणात पडून राहिले आणि आता बाहेर येताहेत.

बाहेर आले की पहिला प्रश्न, हा आहे तरी कुठला. तीन सुटे भाग असलेला, दांडा फिरवला की डोकं निघणारा, फणीसारखे दात असलेला जुना नमुना १९०३पासूनचा. १९३०मध्ये त्याचा सुधारलेला अवतार आला. दांड्याचं बूड फिरवलं की डोक्याची दोन दारं फुलपाखरासारखी उघडतात तो प्रकार १९३४चा. सरळ कड असलेला 'टेक' १९३८चा, 'सुपर स्पीड' १९४७चा. एक ते नऊ आकडे असलेली चकती फिरवून पात्याची धार किती उघडी राहील ते कमी-जास्त करता येतं तो जाडजूड 'फॅटबॉय' १९५८ ते १९६१ या काळातला. १९५१पासून अमेरिकी रेझरांवर एक इंग्रजी अक्षर आणि एक आकडा कोरलेला असतो, अक्षर सालाचं आणि आकडा तिमाहीचा. 'ई ३' असेल तर १९५९ची तिसरी तिमाही.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. वरचा मुलामा कशाचा? उजेडात धरून पाहावं. निकेलच्या पांढरेपणात किंचित पिवळसर ऊब असते, क्रोममध्ये निळसर गारवा. निकेल वर्षानुवर्षं हवेत राहिलं की धुकट होतं. क्रोम आणि ऱ्होडियम होत नाहीत. काळाचाही पुरावा मदतीला येतो. विजेनं निकेल चढवण्याचा धंदा अमेरिकेत आयझॅक ॲडम्सनं १८६९च्या पेटंटनं उभा केला, तोही बोस्टनमध्येच. क्रोम बाजारी प्रमाणावर चढवता येऊ लागलं ते १९२०च्या दशकाच्या मध्यावर. तेव्हा विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतल्या रेझरवर निळसर आरशासारखं क्रोम दिसलं, तर ते नंतर कुणीतरी चढवून घेतलं आहे एवढं नक्की.

पुण्यात एक गृहस्थ आहेत. आयुष्यभर टूलरूममध्ये काम केलं, निवृत्तीनंतर रेझर गोळा करतात. नाव छापायचं नाही ही त्यांची अट, कारण छापलं की लोक पिशव्या भरून रेझर घेऊन येतात. या काकांच्या टेबलावर एक 'टेक' होता, तीन तुकड्यांत सुटा केलेला. दांड्याच्या बारीक चौकटीदार खाचा पांढऱ्या-करड्या राडीनं पार भरून गेलेल्या. बघणाऱ्याला वाटावं, मुलामाच खराब झालाय. "हा मळ नाही, साबण आहे," काका म्हणाले. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि साबणातली स्निग्ध आम्लं एकत्र आली की पाण्यात न विरघळणारा चिकट थर बनतो. बोअरच्या पाण्यावर दाढी करणाऱ्या घरातला रेझर असा हमखास बुजतो.

काकांनी कोमट पाण्याच्या वाडग्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब टाकले आणि तिन्ही तुकडे त्यात सोडले. कोमट म्हणजे हात घालून ठेवता येईल इतपतच. मग आम्ही चहा प्यायलो. मी दोनदा वाडग्याकडे पाहिलं तसे ते म्हणाले, "बसायला साठ वर्षं लागली त्याला, तासभर सुटायला लागू दे की." तासाभरानं लहान मुलांच्या मऊ टूथब्रशनं त्यांनी खाचांच्या दिशेनं, आधी एका तिरक्या रेषेत आणि मग दुसऱ्या, असा हात फिरवला. साबण सायीसारखा निघून आला. कोपऱ्यांत उरलेला दात कोरायच्या लाकडी काडीनं काढला. लोखंडी टाचणी किंवा सुई त्या टेबलावर कुठेच नव्हती. तारेची घासणी, काथ्या, राख, रांगोळी यांचं नाव काढलं तर काकांचा चेहरा बदलतो. पाणी गढूळ झालं की बदलायचं आणि पुन्हा तेच. तिसऱ्या पाण्यानंतर खाली निकेल अगदी शाबूत निघालं. पॉलिशची गरजच उरली नाही.

माझ्या मते निम्म्याहून जास्त जुन्या रेझरांची गोष्ट इथेच संपते. लोक धुवायच्या आधी पॉलिश करतात, हा खरा घोटाळा. साबणाच्या थरावर पॉलिश चोळलं की त्यातली बारीक पूड आणि थरातले खडे मिळून मुलाम्यावर ओरखडे काढतात. सोनार दागिने रिठ्याच्या पाण्यात धुतात, त्यामागंही हाच विचार. रिठ्याचा फेस मळ सोडवतो, धातू खरवडत नाही. सोन्याचं पाणी दिलेल्या रेझरला याच्यापुढं काहीही करू नये. त्या काळातल्या बऱ्याच सोनेरी रेझरांवर पारदर्शक लॅकरचा हात असे. ते जागोजागी सुटलं की खालचं सोनं डागाळल्यासारखं दिसतं आणि मालकाला पॉलिश घ्यायचा मोह होतो. कापडाच्या दहा-बारा फेऱ्यांत सोनं उतरतं.

साबण निघाल्यावर हिरवं दिसलं, तर मामला वेगळा. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं. तोच कळक इथे फटींत, स्क्रूच्या आट्यांत, दारांच्या बिजागरीशी बसतो. हिरवं म्हणजे तांब्याचे क्षार. आणि तांबं वर आलं आहे, याचा अर्थ तिथला मुलामा आधीच फुटलेला आहे. स्वच्छ करून डाग काढता येईल, पण खाली निकेल नाही, पितळच दिसेल. हे आधी समजून घेतलं की माणूस उगाच घासत बसत नाही. शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडून एक-दोन दिवस ठेवायचं, मग लाकडी काडीनं हळूच उचलायचं.

आम्लाचा मोह इथेच होतो. लिंबू, चिंच, व्हिनेगर, सायट्रिक ॲसिड यांनी पाण्याचे क्षार विरघळतात, हे खरं. मुलामा अभंग असेल, तर क्षारांच्या पांढऱ्या ठिपक्यावर सौम्य व्हिनेगरचा बोळा मिनिटभर धरून लगेच भरपूर पाण्यानं धुवायला हरकत नाही. पण मुलाम्याला सूक्ष्म भोकं असतात. रात्रभर आम्लात बुडवलेल्या रेझरमध्ये आम्ल त्या भोकांतून खाली शिरतं, पितळेतलं जस्त आधी खातं आणि मागं गुलाबी-तांबूस डाग उरतो. वरचं निकेल तिथे पोकळ होऊन पापुद्र्यासारखं उडतं. मीठ घातलं तर हे सगळं जास्त जोरात होतं. कपड्यांच्या ब्लीचनंही तेच, कारण त्यातला क्लोरीन.

अमोनियाची कथा तर आपल्याच मातीतली आहे. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातल्या फौजेच्या काडतुसांची पितळी कवचं पावसाळ्यात आपोआप तडकत. वापर नाही, धक्का नाही, तरी चिरा. दर पावसाळ्यात होई म्हणून इंग्रजांनी त्याला ऋतूचंच नाव देऊन टाकलं. काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांत ठेवत, हा धागा पुढे लागला. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी कारण पक्कं केलं. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया दमट हवेत मिसळे आणि घडणीच्या वेळी पितळेत कोंडलेल्या ताणाच्या जागी चीर पाडी. आता जुन्या जिलेटचा पोकळ नळीचा दांडा पाहा. पातळ पितळी नळी टोकाच्या भागांवर दाबून बसवलेली, म्हणजे ताण आत कायमचा. अशा दांड्यांवर उभ्या चिरा दिसतात, आणि संग्राहक घेण्याआधी नखानं त्याच चाचपतात. अमोनिया असलेल्या ब्रासपॉलिशमध्ये किंवा काचा पुसायच्या द्रावणात असा रेझर भिजत घालणं म्हणजे त्याला पुन्हा त्या पागेत नेऊन ठेवणं.

मग पॉलिश कधी करायचं? निकेलवर धुकट पिवळसर झाक असेल, मुलामा सगळीकडे शाबूत असेल आणि ती झाक तुम्हाला खरोखर सहन होत नसेल, तेव्हा. बाजारात नाजूक धातूसाठीची पेस्ट मिळते, अमोनिया नसलेली, अगदी बारीक पुडीची. वाटाण्याएवढी पेस्ट जुन्या सुती धोतराच्या तुकड्यावर घ्यायची आणि बोटाच्या पेरानं चोळायची. मोटर नको, ड्रिलला लावलेलं फेल्टचं चाक तर नकोच. ते कडेवर क्षणभर थांबलं तरी कड पिवळी होते. डोक्याच्या कडा, बुडाची गोलाई आणि दारांचे उंचवटे इथे मुलामा आधीच बोटांनी झिजलेला असतो, तिथे सगळ्यात कमी हात. टूथपेस्टनं काम भागतं असं लोक म्हणतात. तीही घासणारी पूडच आहे, निकेलवर एखाद्या वेळी चालेल, सोन्यावर नाही.

काकांनी इथे मला कापड दाखवलं. काळं झालेलं. "लोक म्हणतात, बघा किती मळ निघतोय. अहो, मळ पहिल्या दोन फेऱ्यांत संपतो. त्याच्यानंतरचं काळं म्हणजे निकेल." कापड पांढरं राहीपर्यंत घासायचं ठरवलं तर ते कधीच पांढरं राहत नाही, कारण पॉलिशचं कामच धातूचा थर काढणं. म्हणून झाक गेली की थांबायचं, कापडाकडे बघायचंच नाही.

चांदीच्या मुलाम्याला एक वेगळी, फार सुंदर युक्ती आहे. काळी पडलेली चांदी म्हणजे चांदी आणि गंधक यांचा संयोग. भांड्यात ॲल्युमिनियम फॉइल पसरायची, त्यावर रेझर टेकवायचा, गरम पाण्यात खायचा सोडा घालून ओतायचा. गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे जातं, चांदी जागच्या जागी राहते. सडक्या अंड्याचा वास आला म्हणजे काम चाललं आहे. घासणं शून्य, तोटाही जवळपास शून्य. मात्र ही युक्ती चांदीपुरतीच. निकेलवर तिचा उपयोग नाही, आणि ॲल्युमिनियमचा दांडा असलेला रेझर सोड्यात घातला तर दांडाच काळवंडेल.

चकतीवर आकडे असलेल्या रेझरला आणखी एक जपणूक लागते. त्या आकड्यांत रंग भरलेला असतो. उकळतं पाणी, तीव्र द्रावणं किंवा चष्मेवाल्याकडचं अल्ट्रासोनिक यंत्र यांनी मळाबरोबर तो रंगही निघून येऊ शकतो, आणि सुटत आलेला मुलामाही. दारांची बिजागरी अडकत असेल तर जोर न लावता कोमट साबणपाणी, मग वाळवून शिलाई मशीनचं तेल. आत जुनं पातं गंजून चिकटलेलं असेल तर तेलात रात्रभर. स्टेनलेसची पाती १९६०च्या दशकात रुळली. त्याआधीचं पोलाद ओलं राहिलं की गंजे आणि त्याचा तांबूस डाग शेजारच्या निकेलवर उमटे.

रेझर वापरायचा असेल तर निर्जंतुक करायलाच हवा. हिपॅटायटिस बीचा विषाणू अंगाबाहेर निदान सात दिवस तग धरतो, आणि पथारीवर येण्याआधी तो कुणाच्या गालावर फिरला हे विक्रेत्यालाही ठाऊक नसतं. धुतलेल्या रेझरला ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं. आधी मळ काढायचा, मग अल्कोहोल. मळावर ओतलेलं अल्कोहोल वाया जातं. लॅकर असलेल्या सोनेरी रेझरवर ते आधी आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला लावून पाहावं. पातं अर्थातच नवं.

मुलामा गेलेलाच असेल तर? भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत प्लेटिंग करणाऱ्या एका कारखानदाराला मी हे विचारलं. त्याच्याकडे मोटारसायकलचे भाग, नळाच्या तोट्या, क्वचित कुणाचा तानपुऱ्याच्या खुंटीचा छल्ला असं सगळं येतं. तो म्हणाला, "चढवायला काही नाही साहेब, काढायलाच आहे." जुना थर उतरवायचा, मग बफ मारायचा, ओरखडे जाईपर्यंत. मग तांब्याची टाकी, निकेलची टाकी, हवं तर वर क्रोम किंवा सोनं. घात होतो तो बफावर. पात्याखालच्या पट्टीवर जिलेटची चौकटीतली बाणाची खूण असते, ती उथळ असते. बफात तिच्या कडा विरघळल्यासारख्या होतात. दांड्याच्या खाचांची टोकंही बोथट होतात, आणि ओल्या हातात रेझर घट्ट धरता यावा म्हणूनच त्या खाचा होत्या. पातं एक दशांश मिलिमीटर जाडीचं. ते ज्या कडांवर टेकतं त्या कडा बफानं गोल झाल्या तर ते नीट दाबलं जात नाही, दाढी खरबरीत होते. नवा जॉब आला की हा कारखानदार गिऱ्हाइकाला आधी विचारतो, वापरायचाय की शोकेसमध्ये ठेवायचाय. वापरायचा असेल तर डोक्याला बफ नको, फक्त दांडा करू, असं सांगतो. हे मला पटलं. पार उघडा पडलेला, खूण आधीच पुसलेला रेझर पुन्हा चढवून घ्यायला काहीच हरकत नाही. पण साठ-सत्तर टक्के मुलामा शाबूत असलेला रेझर टाकीत घालणाऱ्याचा मला राग येतो, आणि असे लोक पुष्कळ आहेत.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, दाढी झाली की पातं सैल करून रेझर वाहत्या पाण्याखाली धरावा, झटकावा, मऊ फडक्यानं टिपावा आणि उघडाच ठेवावा. जुन्या कातडी पेटीत ओला रेझर बंद करू नये; पेटीतली मखमल पाणी धरून ठेवते. चांदीच्या रेझरला रबरबँड लावून ठेवू नये, रबरातल्या गंधकानं बँडच्या आकाराचा काळा पट्टा उमटतो. वर्षभर कपाटात ठेवायचा असेल तर पातं काढून, वस्तुसंग्रहालयांत वापरतात तसलं मायक्रोक्रिस्टलाइन मेण बोटानं अगदी पातळ लावून पुसून घ्यावं. रोज वापरायचा असेल तर त्याचीही गरज नाही. काकांचा रोजचा रेझर १९५०च्या दशकातला 'सुपर स्पीड' आहे, एका दारावर पितळ डोकावणारा. त्याला त्यांनी आजवर पॉलिश लावलेलं नाही, आणि कुणी विचारलं तर ते त्या पिवळ्या कडेकडे बोट दाखवतात. "ही झीज माझ्या आधीच्या माणसाची," म्हणतात. "आता माझी करतोय."